तुकोबांचं देहू उभं करणारे साहेबमामा फत्तेलाल

गुरुकुंज मोझरी हे तिवसा तालुक्यातलं गाव, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला आणि या गावाची ओळखच बदलली. खंजिरी, भजन आणि सर्व धर्मांना सोबत घेणारी सामुदायिक प्रार्थना इथल्या लेकरांच्या कानावर पाळण्यापासूनच पडते. मग घर कोणाचंही असो. महाराजांचं मूळ नाव माणिक. तुकड्या हे नाव त्यांना गुरू आडकोजी महाराजांनी दिलं, असं इथे सगळे सांगतात. त्यामुळे तुका हा शब्द आमच्या वर्गातल्या मुलांना परका नाही. देहूचे तुकोबा कोण, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी मैदानावर चिखल होता. खेळाचा तास बुडणार म्हणून आम्ही मुलांना प्रभात स्टुडिओच्या इतिहासावरचा एक माहितीपट दाखवला. पडद्यावर जुनी काळी-पांढरी दृश्यं सरकत होती. कोल्हापूर, मग पुणे, मोठमोठे सेट, तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचं ते प्रसिद्ध बोधचिन्ह. मग 'संत तुकाराम' या चित्रपटाचा उल्लेख आला आणि दिग्दर्शकांची नावं आली, दामले आणि फत्तेलाल. एका मुलीने विचारलं की फत्तेलाल हे आडनाव कुठलं. आम्ही सांगितलं की ते आडनाव नव्हे, त्यांचं नाव शेख फत्तेलाल.

वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरच्या आपल्याच समाजातल्या एका मुलाने हळूच विचारलं की म्हणजे ते आपल्यातले होते का. लगेच दुसऱ्याने विचारलं की मुसलमान माणसाने विठ्ठलाच्या भक्ताचा सिनेमा कसा काय काढला. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली आणि मुलं पळाली. दोन्ही प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिले. पहिल्या प्रश्नात आनंद होता, दुसऱ्यात आश्चर्य. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समज होती, की मराठी संस्कृती हे कोणा दुसऱ्याचं घर आहे आणि आपण तिथे फार तर पाहुणे. ही समज मुलांनी आपल्या मनाने बनवलेली नाही. ती त्यांना आजूबाजूच्या मोठ्यांकडून मिळाली आहे, आणि त्यात आपण पालक-शिक्षकही आलो. म्हणून साहेबमामांची हकिगत जरा सविस्तर सांगावी असं वाटलं.

कागलचा मुलगा, कोल्हापूरचा शागिर्द

शेख फत्तेलाल यांचा जन्म १८९७ चा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. हे तेच कागल, जिथल्या घाटगे घराण्यातून राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. फत्तेलाल लहान होते तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं कोल्हापूर. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारं संस्थान ते. मुस्लिम मुलांच्या वसतिगृहालाही महाराजांचा आधार मिळाला होता. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांसारखे थोर गवई तिथे दरबारी मानाने राहत होते. कुस्ती, गाणं, नाटक, चित्रकला या सगळ्यांना तिथे किंमत होती, आणि हुनर असलेल्या माणसाला आधी त्याचं काम विचारलं जाई.

या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यांचं खरं आडनाव मेस्त्री. पण ब्रशवर हात इतका बसलेला की लोकांनी पेंटर हेच आडनाव करून टाकलं. पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो स्वतःच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. भावाचं स्वप्न भावाने पूर्ण केलं.

फत्तेलाल याच कारखान्यात शिकले. आपल्याकडे उस्ताद आणि शागिर्द म्हणतात ना, अगदी तसं. रंग कालवणं, पडदा ताणून बसवणं, उजेड कुठून पडला की चेहरा कसा दिसतो हे ओळखणं, सगळं हाताखाली राहून शिकायचं. तिथेच त्यांना आणखी एक शागिर्द भेटला. कोकणातल्या पेणचे विष्णुपंत गोविंद दामले, वयाने पाचेक वर्षांनी मोठे. दामल्यांचा जीव यंत्रात आणि फत्तेलालांचा चित्रात. एक ब्राह्मण घरातला, दुसरा मुसलमान घरातला. त्या दिवसांत जमलेली ही जोडी पुढे मरणानेच तोडली.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली ती याच सुमारास. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खरे वाटतील असे भिंती-खांबांचे सेट बाबूरावांनी उभे केले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. ही सगळी खटपट फत्तेलाल जवळून पाहत होते, करत होते. कॅमेरा त्यांनी हाताळला, सेट त्यांनी उभारले. १९२८ साली दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पोस्टरवर ही दोन नावं एकमेकांना चिकटून आली ती तेव्हापासून.

पाच भागीदारांची प्रभात

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच होते. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. कुलकर्णी सराफ होते, भांडवलाचा भार त्यांच्यावर. बाकी चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. चौघांनी कामं वाटून घेतली. दामल्यांकडे यंत्रं, आणि बोलपट आल्यावर ध्वनी. धायबरांकडे कॅमेरा. शांतारामांकडे दिग्दर्शन. फत्तेलालांकडे कलाविभाग, म्हणजे पडद्यावर दिसणारा प्रत्येक वाडा, झोपडी, देऊळ, दागिना, पागोटं.

आमच्या मुलांना कलादिग्दर्शक म्हणजे काय ते सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो. सेट म्हणजे बांबू, फळ्या, गोणपाट, माती आणि प्लास्टर. काल उभी केलेली भिंत तीनशे वर्षं जुनी दिसली पाहिजे. ओल आलेली, धुराने काळवंडलेली, कोपऱ्यात पोपडा सुटलेली. त्यात चित्रपट काळा-पांढरा. लाल आणि हिरवा रंग डोळ्याला वेगळे दिसतात, पण फिल्मवर दोन्ही सारखेच करडे होऊ शकतात. म्हणजे रंगवताना डोळ्याला काय दिसतं यापेक्षा फिल्मला काय दिसेल याचा विचार करायचा. हे पुस्तक वाचून जमत नाही. हजार वेळा चुकून जमतं.

पहिला चित्रपट 'गोपाळकृष्ण', तो मूक होता. मग बोलपट आला आणि प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' काढला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १९३३ साली कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली. त्याच वर्षी रंगीत 'सैरंध्री'चा प्रयोग झाला, त्याच्या प्रती जर्मनीत तयार करून आणल्या, पण रंग मनासारखे उमटले नाहीत. नुकसान झालं. कंपनी डगमगली नाही. १९३४ च्या 'अमृतमंथन'मधली ती भव्य मंदिरं आणि ते उंच खांब आजही पाहणाऱ्याला थांबवतात. ते फत्तेलालांच्या कलाविभागाचं काम.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे एक गावच असायचं. नट, गायक, सुतार, शिंपी, रंगारी, वीजवाले, सगळे महिन्याच्या पगारावर. सकाळी हजेरी, संध्याकाळी सुट्टी. या गावात दोन माणसांना सगळे मामा म्हणत. एक दामलेमामा, दुसरे साहेबमामा. मामा हे नातं मराठी घरात फार जवळचं. बापाला जे सांगता येत नाही ते मामाला सांगता येतं. पुण्यातल्या त्या कारखान्यात साळी, मराठा, ब्राह्मण, ख्रिश्चन, मुसलमान अशा सगळ्या जातीधर्मांच्या माणसांना एक शेख मामा होता, ही गोष्ट आम्हाला पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते.

देहू उभं राहतं

१९३६ मध्ये 'संत तुकाराम' आला. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं, लेखन शिवराम वाशीकरांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांच्या भूमिकेसाठी त्यांनी विष्णुपंत पागनीस यांना घेतलं. पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे गायक नट. अशा नटाला संत करायचा म्हणजे धाडसच. पण त्या माणसाच्या डोळ्यांतली शांती या दोघांना दिसली होती. जिजाईचं काम गौरी या अभिनेत्रीने केलं. ती कंपनीत बारीकसारीक कामं करत वर आलेली बाई होती. नावाजलेली नटी घेण्यापेक्षा संसाराचा चटका ठाऊक असलेली बाई घ्यावी, हा निर्णय किती बरोबर होता ते चित्रपट पाहिला की कळतं.

या चित्रपटात चमत्कार आहेत. बुडवलेली गाथा इंद्रायणीतून परत येते, शेवटी तुकोबांचं विमान वैकुंठाला जातं. पण पाहणाऱ्याच्या मनात राहतं ते तुकोबांचं घर. चूल, मडकी, दारात म्हैस, उपाशी लेकरं, आणि देवालाही सोडणार नाही इतकी संतापलेली जिजाई. पोर आजारी पडल्यावर ती विठ्ठलालाच जाब विचारायला देवळात जाते. तिचा राग खोटा वाटत नाही, कारण तिच्या मागची भिंत खोटी वाटत नाही. कारागिराचं मोठेपण ते हेच. सेट दिसू नये, घर दिसावं.

आता जरा विचार करा. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी देहू कधी पाहिलं नव्हतं. तुकोबांचा फोटो कुठून असणार, ते सतराव्या शतकातले. या चित्रपटाने तुकोबा, त्यांचं अंगण, त्यांची वीणा, त्यांचं पागोटं लोकांच्या डोळ्यांत कायमचं बसवलं. पागनीसांच्या चेहऱ्यातच लोक तुकोबा पाहू लागले. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक गीत तर लोकांना वर्षानुवर्षं तुकोबांचाच अभंग वाटत राहिलं. मराठी माणसाच्या मनातल्या देहूला आकार देणारे हात एका शेखाचे होते.

मुंबईत सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून जास्त काळ चालला. १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. जगातल्या मोठ्या महोत्सवात वाखाणला गेलेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे. पण शहरांपेक्षा खरी गर्दी गावोगावच्या तंबूंत झाली. आपल्या वऱ्हाडातही जत्रेत तंबू टॉकीज यायची, आणि जुन्या संतपटांना बैलगाड्या जुंपून लोक यायचे. बाया पडद्यासमोर हात जोडायच्या. त्या पडद्यावरच्या पाटीवर फत्तेलाल हे नाव असायचं, आणि त्यामुळे कोणी जोडलेले हात सोडले नाहीत.

बांगड्या भरणारा मनियार

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुसलमान माणसाने हे का केलं? आपल्या घराघरांत चित्र, मूर्ती, सिनेमा यांबद्दल वेगवेगळी मतं आहेत, हे आम्ही लपवत नाही. काही बुजुर्गांना हा विषयच नको असतो. आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत. साहेबमामांच्या श्रद्धेचा हिशेब ते आणि त्यांचा रब यांच्यातला. आम्ही फक्त एवढंच सांगू शकतो, जे आपल्या गावात रोज दिसतं.

वऱ्हाडात लग्न असलं की मनियार घरी येतो. नवरीचा हात हातात घेऊन हिरव्या बांगड्या भरतो. काच फुटू नये, हात दुखू नये, म्हणून हात दाबून-चोळून मऊ करतो. त्या बांगड्या ज्या विधीसाठी आहेत तो विधी त्याच्या घरचा नसतो. पण म्हणून तो बांगडी निष्काळजीपणे भरत नाही. पिंजारी कापूस पिंजून गादी भरतो, ती कोणत्या देवाचं नाव घेऊन झोपणाऱ्याची आहे हे विचारत नाही. हलालाचं रिज्क म्हणजे काम चोख करणं, हे आपल्याला घरातच शिकवलं जातं. दुसऱ्याच्या श्रद्धेला हात लावायचा तर तो हात स्वच्छ आणि हळुवार पाहिजे. साहेबमामांनी तुकोबांच्या घराला हात लावला तो असा.

आणि तुकोबाही तसे कोणा एकाचे नव्हते. त्यांच्या गाथेत दख्खनी हिंदुस्तानी बोलीतल्या रचनाही आहेत. त्यांच्या आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरात जन्मून त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, आणि वारकरी त्यांचं नाव संतांच्या ओळीत घेतात. म्हणजे शेख आणि मराठी भक्ती यांची गाठ प्रभातच्या स्टुडिओत पहिल्यांदा पडली असं नाही. ती फार जुनी आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हल्ली अशा माणसांचा दाखला द्यायची एक पद्धत पडली आहे. संतांचा सिनेमा काढला, अभंग गायला, म्हणून हा चांगला मुसलमान, असं प्रमाणपत्र वाटलं जातं. ते आम्हाला पटत नाही. साहेबमामांनी समजा एकही संतपट काढला नसता, नुसते सेट उभारले असते, तरी ते तेवढेच मराठी असते. चौकात वेल्डिंग करणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, अभंगाची एकही ओळ पाठ नसलेला आपला माणूसही या मातीचाच आहे. तेव्हा फत्तेलालांची आठवण काढायची ती त्यांनी केलेलं काम मोठं होतं म्हणून.

दोन मामा

'संत तुकाराम'नंतर या जोडीने १९३८ मध्ये 'गोपाळकृष्ण' बोलपटाच्या रूपात काढला. १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आणि १९४१ मध्ये 'संत सखू'. सखूच्या वेळी राजा नेनेही दिग्दर्शनात सोबत होते. 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालते, रेडा वेद म्हणतो. आजच्यासारखे संगणक तेव्हा नव्हते. भिंत चालवायची तर ती खरोखर बांधून, युक्तीने सरकवूनच चालवावी लागे. यंत्राचं डोकं दामल्यांचं, भिंतीचं रूप फत्तेलालांचं. दोघांपैकी एक नसता तर ती भिंत हललीच नसती.

साल कोणतं ते लक्षात घ्या. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला. हिंदू आणि मुसलमान एकत्र राहू शकतात का, यावर देशभर वाद पेटला. आणि इकडे पुण्यात एक दामले आणि एक शेख मिळून ज्ञानेश्वर माउलींचा चित्रपट पूर्ण करत होते. पुढच्याच वर्षी प्रभातमधूनच शांतारामांनी 'शेजारी' काढला. धरणामुळे फूट पडलेल्या गावातल्या दोन जिवलग मित्रांची गोष्ट, एक हिंदू, एक मुसलमान. त्याच्या हिंदी आवृत्तीत मजहर खान या मुसलमान नटाने हिंदू मित्र रंगवला आणि गजानन जागीरदारांनी मिर्झा. पडद्यावर जे दाखवलं जात होतं ते त्या कंपाउंडमध्ये रोज जगलं जात होतं. साहेबमामांनी यावर कधी व्याख्यानं दिल्याचं ऐकिवात नाही. ते सकाळी कामावर यायचे आणि दामल्यांशेजारी उभे राहायचे.

दामले-फत्तेलाल असा जोडशब्दच होऊन बसला. त्यात एक गंमत आहे आणि थोडं दुःखही. गंमत ही की दोन धर्मांची दोन माणसं मराठीत एका नावाने ओळखली गेली. दुःख हे की जोडनावात माणूस हरवतो. शांतारामांनी आत्मचरित्र लिहिलं, त्यांचं नाव सर्वांना ठाऊक झालं, आणि ते योग्यच आहे. पण पडद्यामागे माती कालवणाऱ्याची ओळख पुसट होत गेली. किती सुशिक्षित माणसांना फत्तेलाल हे एखादं मारवाडी किंवा गुजराती नाव वाटतं, हे आम्ही स्वतः अनुभवलं आहे.

स्टुडिओ विझतो, वर्ग भरतो

चांगले दिवस कायम राहत नाहीत. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. युद्धाचा काळ, फिल्मची टंचाई, सगळंच महाग. तरी १९४४ मध्ये 'रामशास्त्री'सारखा नावाजलेला चित्रपट प्रभातमधून निघाला. १९४५ मध्ये दामलेमामा गेले. बाबूराव पेंटरांकडे शागिर्द असल्यापासून एकत्र असलेली जोडी तुटली. साहेबमामा तेव्हा पन्नाशीच्या जवळ होते.

त्यानंतरही स्टुडिओ चालला. १९४६ चा 'हम एक हैं' प्रभातचाच, देव आनंद यांचा पहिला चित्रपट. गुरुदत्तही तेव्हा तिथेच नोकरीला होते. त्या चित्रपटाचा विषयही एकोपा. पण वर्षभरात देश फाळणीतून गेला. कित्येक नामवंत कलावंत सीमेपलीकडे गेले. कागलचे शेख फत्तेलाल इथेच राहिले. जाण्याचा प्रश्न त्यांना पडला असेल असं त्यांच्या कामाकडे पाहून वाटत नाही. ज्याने देहू उभं केलं तो दुसरं गाव कुठे शोधणार?

पन्नासच्या दशकात प्रभातचं कर्ज वाढलं, काम थांबलं आणि कंपनी बंद पडली. आपल्या हाताने उभारलेलं घर डोळ्यांसमोर रिकामं होताना पाहणं काय असतं, ते घर सोडावं लागलेल्यांना कळेल. १९५५ मध्ये फत्तेलालांच्या दिग्दर्शनाखाली 'जगद्गुरु शंकराचार्य' हा चित्रपट आला. दामले नसताना केलेलं त्यांचं हे काम. १९६४ मध्ये साहेबमामांचं निधन झालं.

पण ती जागा उजाड झाली नाही. १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली ती प्रभातच्याच आवारात. जिथे साहेबमामांनी सेट लावले त्याच जागेत आज देशभरातून आलेली मुलं कॅमेरा, ध्वनी, कलादिग्दर्शन शिकतात. जुने चित्रपट जपणारं राष्ट्रीय संग्रहालयही पुण्यातच, तेही १९६४ मध्ये सुरू झालं, म्हणजे साहेबमामा गेले त्याच वर्षी. शेजारच्या रस्त्याला लोक आजही प्रभात रोड म्हणतात. एका शागिर्दाने हयातभर काम केलेल्या जागेत शाळा भरावी, याहून चांगलं शिक्षकाला काय वाटणार?

सोमवारचा तास

सोमवारी आम्ही ही सगळी हकिगत वर्गात सांगितली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. हो, ते आपल्यातले होते. पण आपल्यातले म्हणजे फक्त आपले नव्हे. ते समोरच्या बाकावर बसलेल्यांचेही तेवढेच होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मनियाराचा दाखला दिला. तो प्रश्न विचारणारा मुलगा थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला की आमच्या ताईच्या लग्नात आले होते ते चाचा. बस, पुढे काही समजवावं लागलं नाही.

मग मुलांना घरचा अभ्यास दिला. आपल्या घरातली किंवा गावातली एक जुनी वस्तू शोधायची आणि ती कोणाच्या हातची आहे ते विचारून यायचं. दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. देवघराचा चौरंग कोणा सुताराचा, मशिदीचा दरवाजा कोणा दुसऱ्या सुताराचा, विहिरीचं बांधकाम कोणा वडाराचं. एका मुलीने लिहिलं होतं की तिचे आजोबा पिंजारी होते आणि त्यांनी भरलेल्या गाद्या अर्ध्या गावात आहेत, काहींच्या घरी अजून वापरात. हे तिला आधी माहीतच नव्हतं. आजीला विचारलं तेव्हा कळलं, आणि आजी बराच वेळ बोलत बसली.

ती वही आम्ही वर्गात मोठ्याने वाचली. गादीचा विषय निघताच तीन-चार मुलांनी हात वर केले. त्यांच्या घरीही ती गादी होती.